मदत हवी आहे: सवाईला ऐंशीच्या ज्येष्ठांना नेताना बैठक की खुर्ची?

डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव या शास्त्रीय संगीताच्या उत्सवाला ऐंशीच्या एका ज्येष्ठांना न्यायचे आहे. गायक भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव त्यांना एकदा तरी समोर बसून ऐकायचाच आहे.

अडचण गुडघ्यांची. भारतीय बैठक स्वस्त असते, पण विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतले गाणे, तासभरही चालू शकते. मांडी घालून तेवढा वेळ बसले की पाय बधिर होतात आणि गर्दीत उठायला वाट नसते. खुर्चीत हा त्रास नाही, पण मागच्या रांगांत मंचावरचा तानपुरा नीट ऐकू येतो का? भिंतीवरच्या पडद्याकडे बघत ऐकायचे असेल तर इतक्या लांब येण्यात अर्थ नाही.

मुकुंदनगरच्या मैदानावर अलीकडे गेलेल्यांनी कृपया सांगावे: खुर्च्यांचा कोणता भाग घ्यावा? स्वच्छतागृह तिथून किती पावलांवर? एकदा बाहेर पडल्यास त्याच तिकिटावर परत आत सोडतात का? मंडप उघडा असल्याने आठनंतर गारठा वाढतो, म्हणून शाल, कानटोपी, पायमोजे घेतोच आहोत. कार्यक्रम संपल्यावर स्वारगेटकडे रिक्षा मिळते, की आधीच ठरवून ठेवावी?