३१व्या आठवड्यात गर्भजल जास्त, एएफआय (गर्भजलाचं माप) २७. पुढे काय?

रानजाई:
बहिणीच्या सोनोग्राफीत एएफआय २७ सेंमी आणि गर्भजलाचा सर्वांत खोल कप्पा ९ सेंमी आलाय. बाळाची वाढ ठीक आहे. सासरी सगळे म्हणतात, पाणी कमी पी. त्याने गर्भजल उतरतं का? काही औषध असतं का? सिझरच करावं लागेल का?

प्रसूतीकक्ष:
ताई, पाणी कमी पिऊन गर्भजल उतरत नाही, तिला तहानलेली ठेवू नका. या महिन्यांत गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होतं आणि बाळच ते गिळत असतं. लघवी वाढली किंवा गिळणं अडलं की पातळी चढते. २५ ते ३० च्या आतला एएफआय म्हणजे सौम्य वाढ, ३५ च्या वर गेला तर तीव्र. सौम्य प्रकारात बहुतेकदा कारण सापडतच नाही, तरी शोधायचं असतं.

आधी साखर बघा. २४-२८ आठवड्यांतली तपासणी नॉर्मल असली तरी आता पुन्हा करा: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं आणि बरोबर २ तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० (मिग्रॅ/डेलि) किंवा जास्त आली तर गर्भावस्थेतला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती तपासणी धरू नका, दुसऱ्या दिवशी परत करा.

सोनोवाचक:
रिपोर्टमध्ये बाळाचं जठर दिसतंय का ते वाचा. दिसत नसेल किंवा फार लहान असेल तर अन्ननलिकेत दोष असल्याची शंका येते. शेजारी शेजारी दोन फुगे दिसले तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अडथळा असू शकतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर आयसीटी (आईच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, ती तपासणी) करून घ्या, कारण बाळाला रक्तक्षय झाला तरी पाणी वाढतं. तशी शंका असेल तर डॉक्टर बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा डॉपलर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) सांगतील.

आणखी एक. एएफआय म्हणजे पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या सर्वांत खोल कप्प्याची उभी खोली मोजून केलेली बेरीज. कप्प्यात नाळ किंवा हातपाय आले, प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र) तिरका धरला किंवा जोरात दाबला तर आकडा हलतो. म्हणून एक-दोन सेंमीच्या फरकावर घाबरू नका. पुढची सोनोग्राफी शक्यतो त्याच ठिकाणी करा.

रानजाई:
तिला आडवं झालं की थोडा दम लागतो. सुईने पाणी काढतात म्हणे?

प्रसूतीकक्ष:
ते तीव्र वाढीत, श्वास घेणं खरोखर कठीण झालं तरच. काढलेलं पाणी पुन्हा भरतं, शिवाय कळा सुरू होणं, पाणी फुटणं, वार सुटणं हे धोके असतात. औषधाचं विचारलंत, तर इंडोमेथासिन नावाचं औषध केवळ पाणी उतरवायला देऊ नये, त्याने बाळाच्या हृदयाजवळची एक नळी वेळेआधी बंद होऊ शकते. सध्या कुशीवर, उशांनी पाठ उंच करून झोपू द्या. दम वाढत गेला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

सौम्य वाढ आणि बाळाचं डोकं खाली असेल तर नॉर्मल प्रसूती होऊ शकते. खरी भीती पाणी एकदम फुटण्याची: त्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. पाणी गेलं तर तिला चालवू नका. डाव्या कुशीवर, कंबरेखाली उशी ठेवून निजवा आणि १०८ ला फोन करा. नाळ बाहेर दिसली तर हाताळू नका, आत ढकलू नका. ताणलेलं गर्भाशय प्रसूतीनंतर नीट आकसत नाही, रक्तस्राव वाढतो. म्हणून रक्ताची सोय असलेलं रुग्णालय आताच ठरवा.

सोनोवाचक:
आणि बाळाच्या डॉक्टरांना आधीच कळवा. जठर दिसत असलं तरी अन्ननलिकेचा दोष असू शकतो. पहिलं दूध पाजण्याआधी बारीक नळी आत घालून ती जठरापर्यंत जाते का, हे त्यांनी बघायला हवं.