पेल्यातली मेणबत्ती ऑक्सिजन मोजत नाही

प्रयोगवही: शिक्षकांच्या गटात पुन्हा तीच पोस्ट फिरतेय: परातीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पेला पालथा. पाणी पाचव्या हिश्शापर्यंत चढलं, म्हणजे सगळा ऑक्सिजन जळून संपला! खाली शाबासकीचा पाऊस. राहवत नाही म्हणून लिहितो. पाणी कधी चढतं ते बघा. ज्योत जळतेय तोवर ते जवळजवळ हलत नाही. विझली की सर्रकन चढतं. पेला ठेवताना ज्योतीने तापून फुगलेली हवा कडेखालून बुडबुड्यांनी निसटते. विझल्यावर उरलेली हवा निवते, आकसते आणि पाणी आत खेचलं जातं. ज्योत तर हवेतला ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास आला की मान टाकते, सगळा संपतच नाही. खात्री करायचीय? त्याच पेल्याखाली चार मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढेल.

फळा_खडू: पस्तीस मिनिटांच्या तासात साठ मुलं सांभाळायची आणि वर हा काथ्याकूट? सातवीच्या मुलाला जळायला हवा लागते एवढं कळलं तरी पुष्कळ. मेणबत्ती, परात, पेला प्रत्येक शाळेत मिळतो. पर्याय सांगा, नुसत्या चुका काढू नका.

प्रयोगवही: 'जळायला हवा लागते' हा निष्कर्ष खुशाल काढा. भांडण पाचव्या हिश्शाशी आहे. पर्याय म्हणजे लोखंड गंजवणे, गंजताना ते हवेतला ऑक्सिजन घेतं. १५ सेंटिमीटरची परीक्षानळी आतून ओली करा, लोखंडाचा कीस टाकून फिरवा म्हणजे तो भिंतीला चिकटेल. नळी पाण्यात पालथी उभी करा. दोन दिवसांत पाणी ३ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाचव्या हिश्शापर्यंत, चढून थांबतं. ज्योत नाही, तापणं नाही.

लेथचा_भुसा: किसाला तेल असेल तर तो गंजतच नाही, आधी साबणाने धुवा. भांड्यांची चकचकीत घासणी वापरू नका, ती बहुधा स्टेनलेसची असते. कुणी लोखंड व्हिनेगरमध्ये बुडवतात. चालेल, पण नंतर पाण्याने खळबळून घ्या. आम्ल राहिलं तर हायड्रोजन सुटतो आणि पाणी कमी चढतं.

काटेकोर: शिवाय वाचन घेताना आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीत आणा, नाहीतर आकडा चुकतो.

लेथचा_भुसा: पाण्याच्या ३ सेंटिमीटर उंचीने दाबात ०.३ टक्के फरक पडतो, पट्टीवर तो दिसणारही नाही. वर्ग ३ अंशांनी तापला तर हवा १ टक्का फुगते. पहिलं आणि शेवटचं वाचन सकाळी एकाच वेळी घ्या, ते जास्त कामाचं.

फळा_खडू: दोन दिवस! आणि एखाद्या गटाचं पाणी २.४ वर थांबलं तर प्रयोगवहीत काय लिहायचं? दहावीला विज्ञानाच्या दोन लेखी पेपरांना ४०-४० गुण आणि २० प्रात्यक्षिकाचे. तिथे उत्तर 'बरोबर' लागतं.

प्रयोगवही: २.४ लिहायचं! इथेच तर घोडं पेंड खातं. प्रयोगाआधी निरीक्षणाचा रकाना भरलेला, निष्कर्ष मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेला. मग मुलाने नळीकडे बघायचंच कशाला? २.४ का आलं, हाच प्रयोग: कीस तेलकट होता, कमी पडला, की दिवस कमी मिळाले? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने बंद हवेत पारा बारा दिवस तापवला, तोही तापून ऑक्सिजन घेतो, तेव्हा हवा साधारण सहाव्या हिश्श्यानेच घटली होती. त्याने पाचवा हिस्सा लिहिला नाही.

फळा_खडू: आवाज चढवू नका. वह्या तपासायला कोण येतं हे तुम्हाला ठाऊक नाही. खाडाखोड दिसली की गुण कापतात, मुलाचे.

काटेकोर: मग खोडू नका. एक आडवी रेघ मारा, बाजूला नवा आकडा आणि कारण लिहा. जुना आकडा वाचता आला पाहिजे.

फळा_खडू: बरं, एक आणि चार मेणबत्त्यांचे पेले शेजारीशेजारी ठेवते. तासात बसतं आणि मुलं स्वतःच विचारतील, हे मान्य. पण किसाच्या नळ्या साठ मुलांत सहाच लावीन, आणि २.४ ला पूर्ण गुण द्यायचे हे तपासनिसांना तुम्ही पटवा.