क्रॉप सेन्सरसाठी एकच झूम लेन्स: १८-१३५, १७-५० की १८-४००?

खानापूरकर (प्रश्न):
मंडळींना नमस्कार. माझ्याकडे कॅनन २००डी हा क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आहे (हे आकडे मिलिमीटरमधील फोकल लेंग्थचे; लहान आकड्याला चौकट रुंद, मोठ्याला दूरचे जवळ). हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर, बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती, पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा आणि वैशाखातील शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक हे माझे नेहमीचे विषय आहेत; पक्षी टिपण्याची हौस नाही. शिखरावरचे कोरीवकाम जवळ आणायला ५५ अपुरे पडते आणि पावसात किंवा गर्दीत लेन्स बदलायची माझी तयारी नाही. कॅननची १८-१३५, सिग्माची १७-५० एफ २.८ (एफ म्हणजे अ‍ॅपर्चर, प्रकाश आत येण्याचे छिद्र; आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त) आणि टॅमरॉनची १८-४०० अशा तीन लेन्स मनात आहेत. यांपैकी कोणती कायमची कॅमेऱ्यावर राहू शकेल, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

टिळकवाडीकर:
आपण लांबच्या टोकाचा विचार केला आहे, पण देवळे टिपणाऱ्याचे खरे अडते ते रुंद टोकाशी. कॅननच्या क्रॉप सेन्सरचा गुणक १.६ असल्यामुळे १८ मिलिमीटरची चौकट फुल फ्रेमवरच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) सुमारे २९ मिलिमीटरएवढी पडते आणि तिचा आडवा कोन ६४ अंशांच्या आसपास भरतो. आवारात मागे सरकायला भिंतीपलीकडे जागाच नसेल, तर १८-१३५ घेतली काय आणि १८-४०० घेतली काय, चौकट तेवढीच राहणार. म्हणून आपल्या यादीत नसलेली चौथी लेन्स सुचवतो: कॅननची १५-८५. पंधरावर तोच कोन सुमारे ७३ अंशांचा होतो. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. सभामंडपात उभे राहिल्यावर मात्र कडेचा एक खांब आत येतो की बाहेर राहतो, हे त्यावरच ठरते. ही लेन्स २००९ सालची असल्यामुळे ती बहुधा वापरलेलीच घ्यावी लागेल.

१८-४०० मी आपल्याला सुचवणार नाही. बावीस पट झूम एका नळीत बसवताना रचनाकाराला जागोजागी तडजोड करावी लागते. कडांची धार मंदावते, सरळ रेषा रुंद टोकाला फुगीर दिसतात आणि लांब टोकाला अ‍ॅपर्चर ६.३ वर येते. त्यात वजन सातशे ग्रॅमच्या घरात. पक्ष्यांची हौस नसलेल्या माणसाने हे ओझे का वाहावे?

निर्णयापूर्वी एक काम अवश्य करा. आपल्या जुन्या छायाचित्रांच्या माहितीत प्रत्येक वेळी वापरलेली फोकल लेंग्थ नोंदलेली असते, ती पाहा. बहुतेक चित्रे १८ वर अडलेली निघाली तर १५-८५ घ्या, ५५ वर अडलेली निघाली तर १८-१३५.

निपाणीकर:
टिळकवाडीकरांचे देवळांबाबतचे म्हणणे मान्य आहे, परंतु मिरवणुकीचे काय? चित्ररथ रात्रभर चालतात आणि दिव्यांचा झोत रथावर असतो, लेझीम खेळणाऱ्या मुलांवर नव्हे. स्टॅबिलायझेशनमुळे आपला हात स्थिर होतो, समोरचा माणूस स्थिर होत नाही. दगडी मूर्ती एक दशांश सेकंदात हातात धरूनही टिपता येईल, पण लेझीम गोठवायला शटर निदान १/२५० सेकंद हवे. तेथे सिग्माचे सलग एफ २.८ उपयोगी पडते. १८-१३५ चे अ‍ॅपर्चर ५० पर्यंत पोहोचताना ५ च्या घरात जाते. त्या तुलनेत २.८ मधून तिपटीहून थोडा अधिक प्रकाश येतो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० ऐवजी २००० वर काम भागते. रुंद टोकाला मात्र हा लाभ फारसा नाही, कारण तेथे १८-१३५ ही ३.५ देतेच. कमल बस्तीच्या छतातील दगडी कमळाचे चित्र घ्यायचे तर रुंद टोक आणि स्थिर हात पुरेसा आहे, आणि ते बरेच आहे, कारण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तिवईला सहसा पूर्वपरवानगी लागते.

जांबोटीकर:
आमच्या भागातल्या पावसाविषयी दोन शब्द. वरीलपैकी एकाही लेन्सला पाण्यापासून पूर्ण संरक्षण नाही, आणि झूम करताना नळी पुढे येत असल्याने ओलसर हवा आत ओढली जाते. धबधब्यावरून आल्यावर लेन्स लगेच बॅगेत कोंडू नये. आधी पुसून, वाळवून, मग सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी. वापरलेली १५-८५ घेणार असाल तर टॉर्चचा उजेड मागून टाकून काचांत बुरशीचे धागे दिसतात का ते पाहा, आणि लेन्स खाली तोंड करून धरल्यावर नळी आपोआप घसरते का तेही पाहा. गोकाकला ओल्या खडकांवरची चमक कमी करायला पोलरायझर फिल्टर लागेल; तो १८-१३५ ला ६७, १५-८५ ला ७२ आणि सिग्माला ७७ मिलिमीटरचा बसतो. आकार वाढेल तशी किंमतही वाढते, हे हिशेबात धरा.

खानापूरकर:
सर्वांचे आभार. टिळकवाडीकरांनी सांगितल्याप्रमाणे जुनी छायाचित्रे तपासली. देवळांची बरीचशी १८ वर आहेत, पण ५५ वर अडलेली त्याहून जास्त निघाली. तेव्हा १८-१३५ घ्यावी आणि मिरवणुकीपुरती ५० एफ १.८ जवळ ठेवावी, असा विचार आहे. त्या रात्री घरूनच ती लावून निघालो तर लेन्स बदलण्याचा प्रश्न येत नाही. यात काही खोट दिसते का?

निपाणीकर:
एकच. ५० ही आपल्या कॅमेऱ्यावर ८० एवढी अरुंद पडते. अरुंद गल्लीत अख्खा रथ चौकटीत मावणार नाही. चेहरे आणि ढोलवादक हवे असतील तर ५०, रथ हवा असेल तर कॅननची २४ एफ २.८ पाहा. ती जेमतेम सव्वाशे ग्रॅमची आहे, खिशात राहते.