उंचावरचा ऑक्सिजन: नेमकं काय होतं, काय करायचं?

'वर हवा विरळ असते' हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढचं, आकड्यांसकट सांगतो.

*

हवेत ऑक्सिजन समुद्रकाठी २०.९ टक्के, शिखरावरही तेवढाच. घटतो तो दाब: खाली ७६० मिमी पारा, ५५०० मीटरवर साधारण ३८०. पण श्वासनलिकेत हवा आधी ओली होते आणि त्या वाफेचा ४७ मिमी दाब कुठल्याही उंचीवर तेवढाच राहतो. तो वजा करून मग ०.२१ने गुणायचं. खाली १५० उरतात, ५५००वर ७०. म्हणजे दाब निम्मा, पण ऑक्सिजन निम्म्याहूनही कमी. ही वाफेची वजावट बरेच जण विसरतात.

*

ऑक्सिमीटरचं, म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या यंत्राचं सांगतो. बोट गार असेल तर आकडा खोटा. हात काखेत धरून गरम करा, नेलपॉलिश पुसा, पाच मिनिटं बसा, आकडा स्थिरावू द्या. ३५०० मीटरवर सुरुवातीला ८५-९० दिसलं म्हणून घाबरू नका. पण ९० आहे म्हणून डोकेदुखी नि ओकाऱ्यांकडे काणाडोळाही नको.

*

३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम. दिवसा वर जाऊन झोपायला खाली आलात तर उत्तमच. अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळायचं औषध) डॉक्टरांना विचारूनच: सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते. त्यात काळजीचं काही नाही.

*

ऑक्सिजनच्या हातात मावणाऱ्या डब्यांवर भिस्त नको. १० लिटरचा डबा मिनिटाला २ लिटरने पाच मिनिटांत संपतो. सिलिंडरचा हिशेब सोपा: आकारमान गुणिले बार (दाबाचं एकक). २ लिटरचा, १५० बारला भरलेला म्हणजे ३०० लिटर, त्याच वेगाने अडीच तास. तेवढ्यात माणूस खाली पोचला पाहिजे.

*

बसल्या जागी धाप, असंबद्ध बोलणं, टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता न येणं: यांपैकी काहीही दिसलं तर उजाडायची वाट न बघता ३०० ते १००० मीटर उतरवा. वाट बंदच असेल तर दाबाची पिशवी, म्हणजे माणसाला आत झोपवून पंपाने हवा भरायची बंद पिशवी. बाहेरच्यापेक्षा २ पीएसआय (साधारण १०३ मिमी पारा) जास्त दाबाने भरली की ५५००वरचा माणूस आत जवळपास ३६५०वर असतो. पायपंप मात्र थांबवायचा नाही, नाहीतर आत कार्बन डायऑक्साइड साचतो. बाहेर काढल्यावर लक्षणं परततात, म्हणून स्ट्रेचर उचलणारी माणसं आधीच तयार ठेवा.