उपग्रह चुकला की बोया?
समुद्राच्या पाण्याचं तापमान उपग्रहावरून मोजतात, तसंच बोयानेही, म्हणजे सेन्सर लावून पाण्यात सोडलेल्या तरंगत्या यंत्रानेही. या दोघांच्या आकड्यांत अर्ध्या अंशाचा फरक दिसला, म्हणजे उपग्रह चुकला, असं काही जण म्हणतात. इतकं सरळ नाही ते. दोघं एकच पाणी मोजतच नाहीत!

उपग्रहावरच्या, अवरक्त किरणांवर चालणाऱ्या उपकरणाला समुद्राचा फक्त वरचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका पापुद्रा दिसतो. वाहत्या बोयाचा सेन्सर साधारण 20 सेंमी खाली असतो. हा पापुद्रा हवेला उष्णता देत राहतो, त्यामुळे खालच्या पाण्यापेक्षा बहुधा 0.1 ते 0.3 अंशांनी थंड असतो. उलट वारा पडलेला असेल आणि कडक ऊन असेल, तर दुपारी वरचा थर खालच्यापेक्षा दोन-तीन अंशही जास्त तापतो. म्हणून तुलनेसाठी रात्रीची किंवा बऱ्यापैकी वारा असलेल्या वेळेची निरीक्षणं घेतलेली बरी.

बोयाही काही देव नाही, त्याचीही चूक 0.2 अंशांच्या आसपास असते. यावर मला आवडणारी युक्ती म्हणजे तिघांची तुलना: अवरक्त उपग्रह, सूक्ष्मलहरी उपग्रह आणि बोया. तिघांच्या चुका एकमेकींशी संबंधित नसतील, तर जोडीजोडीच्या फरकांवरून प्रत्येकाची चूक वेगळी काढता येते.

खरी डोकेदुखी ढगांची आणि धुळीची. न ओळखलेला पातळ ढग आकडा खाली ओढतो. 1991 साली फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा वातावरणात पसरलेल्या सूक्ष्म कणांमुळे उपग्रहांना समुद्र होता त्याहून थंड दिसत होता. ते लक्षात आलं बोया आणि जहाजांवरच्या नोंदींमुळेच.