डेस्कटॉप प्रोग्राममधील बटणे रंगवावीत की आहेत तशी ठेवावीत?

सिंदफणा (बीड)

मोंढ्यातील आडत दुकाने, पतसंस्था, जिनिंग आणि खत-बियाण्यांची दुकाने यांच्यासाठी आपल्याकडच्या तरुणांनी लिहिलेले बरेच डेस्कटॉप प्रोग्राम अलीकडे माझ्या पाहण्यात आले. बहुतेक पायथनच्या टीकिंटरमध्ये आहेत, काही सी-शार्पच्या विनफॉर्म्समध्ये; दोन्ही स्क्रीन आणि बटणे तयार मिळवून देणाऱ्या लायब्ऱ्या आहेत. त्यांतला हिशेब सहसा चोख असतो, कारण हमाली-तोलाईत दहा रुपयांचा फरक पडला तरी शेतकरी दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन दुकानात हजर होतो. बटणांबद्दल जाब विचारायला कोणी येत नाही, म्हणून ती पोळ्याच्या बैलासारखी रंगवलेली असतात: जतन हिरवे, काढून टाका लाल, छापा निळे, शोधा जांभळे, आणि बाहेर पडा नारिंगी.

माझे मत असे आहे की रोजच्या कामाच्या प्रोग्राममध्ये बटणाच्या रूपाला हात लावू नये. बटणाला किमान पाच अवस्था असतात: साधी, माउस वर आल्याची, दाबल्याची, कीबोर्डचा फोकस असल्याची (म्हणजे टॅबने गाठल्याची) आणि बंद असल्याची. मूळ बटण वापरले तर या पाचही अवस्था रेखाटण्याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टीम आणि लायब्ररी मिळून घेतात. आपण पार्श्वभूमीचा रंग बदलला की ती जबाबदारी मुकाट्याने आपल्याकडे येते आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. टीकिंटरच्या जुन्या बटणाला हिरवी पार्श्वभूमी दिली आणि पुढे ते बंद केले, तर हिरवा रंग तसाच राहतो आणि त्यावरची अक्षरे तेवढी करडी होतात, म्हणजे बटण चालू दिसते आणि त्यावरचे नाव मात्र वाचता येत नाही. बंद बटणाच्या अक्षरांचा रंग आणि दाबतानाची पार्श्वभूमी हे दोन्ही पर्याय तेथे वेगळे द्यावे लागतात, पण मी पाहिलेल्या प्रोग्रामांत ते क्वचितच दिलेले होते. सी-शार्पच्याच डब्ल्यूपीएफ या दुसऱ्या लायब्ररीमध्ये तर बटणाचे टेम्प्लेट, म्हणजे रूपाचा साचा, बदलला की माउस वर येणे, दाबणे आणि बंद होणे यांची दृश्ये एकदम नाहीशी होतात व ट्रिगर (अवस्था बदलली की लागू होणाऱ्या सूचना) लिहून ती परत आणावी लागतात.

ज्याला पाचही अवस्था लिहिण्याची तयारी आहे त्याने खुशाल रंगवावे. ती तयारी नसताना केलेली रंगरंगोटी माझ्या मते अर्धवट काम आहे.

काटापट्टी (लातूर)

सिंदफणा यांनी अवस्थांबद्दल लिहिले ते मान्य आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, कारण ज्या मूळ बटणाची ते बाजू घेत आहेत ते मुळात आपल्यासाठी घडवलेलेच नाही.

विनफॉर्म्समध्ये बटण ओढून स्क्रीनवर टाकले की ते ७५ बाय २३ पिक्सेलचे येते. त्यात इंग्रजीतले ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ नीट बसतात. त्यावर ‘हिशेबपट्टी छापा’ असे लिहिले, मुनिमांना चष्म्याशिवाय दिसावे म्हणून अक्षरे मोठी केली, की वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. टीकिंटरमध्ये मजकुराच्या बटणाची रुंदी अक्षरांच्या संख्येत सांगावी लागते आणि ते माप शून्याच्या आकड्याच्या रुंदीवरून ठरते. पायथन ‘क्षेत्र’ या शब्दाची लांबी ७ मोजतो, डोळ्यांना तेथे दोनच अक्षरे दिसतात. मग लांबी मोजून रुंदी देणाऱ्याचे एक बटण हातभर लांब आणि दुसरे बोटभर होते. म्हणजे उंची, रुंदी, फॉन्ट आणि आतली मोकळी जागा या सगळ्यांना हात लावावाच लागतो, आणि एवढे केल्यावर रंगाला तेवढे सोवळे का, हे मला समजत नाही.

दुसरे असे की ‘मूळ रूप’ म्हणून ज्याकडे बोट दाखवायचे असे एकच रूप विंडोजमध्ये उरलेले नाही. विंडोज ११ मधील सेटिंग्जची बटणे एका प्रकारची आहेत, जुन्या कंट्रोल पॅनेलमधली दुसऱ्या प्रकारची. विनफॉर्म्सचे बटण वेगळे, डब्ल्यूपीएफचे वेगळे. कंपनीला जी एकवाक्यता स्वतःच्या घरात राखता आली नाही ती लातूरच्या आडत दुकानात आम्ही राखावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

सौदा निघाल्यानंतरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना रंगाची गरज वेगळी सांगावी लागत नाही. सोयाबीनच्या हंगामात शेतकरी काउंटरवर उभा असतो, बाजूला तोलार वजने सांगत असतो, आणि मुनिमांची नजर वही, मोबाइल आणि स्क्रीन अशी तिन्हीकडे फिरत असते. सगळी बटणे एकसारखी करडी असतील तर त्यांना प्रत्येक वेळी नाव वाचावे लागते. रंग असेल तर नजर न वाचताच तेथे पोहोचते.

दुधना (जालना)

काटापट्टी यांच्या शेवटच्या परिच्छेदापुरते एवढेच की लाल आणि हिरवा यांतला भेद न ओळखता येणारी माणसे थोडी नसतात आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त असते. आपल्या मोंढ्यात संगणकावर बसलेले बहुतेक सगळे पुरुषच आहेत. जतन हिरवे आणि काढून टाका लाल अशी जोडी शेजारी-शेजारी ठेवणाऱ्याने दोन्ही बटणांचे करड्या छटेतले चित्र एकदा काढून पाहावे.

गोदातीर (नांदेड)

मी महाविद्यालयात हा विषय शिकवतो, त्यामुळे वर्षानुवर्षे हाच वाद वर्गातही ऐकतो. येथे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे की रंग देणे म्हणजे प्रत्येक बटणाला वेगळा रंग चिकटवणे. लायब्ररी घडवणाऱ्यांनी ही गोष्ट अशी योजलेलीच नाही.

टीकिंटरमध्ये बटणाचे दोन प्रकार आहेत. जुने बटण पार्श्वभूमीचा रंग थेट स्वीकारते. नवे, म्हणजे टीटीके या भागातले, टीकिंटरच्या मुळाशी असलेल्या टीके या लायब्ररीच्या २००७ साली आलेल्या ८.५ आवृत्तीपासून मिळते. त्याला थेट रंग दिला तर हा पर्याय आपल्याला ठाऊक नाही असे सांगून प्रोग्राम थांबतो. विद्यार्थी येथे वैतागतात आणि जुन्या बटणाकडे परततात. खरे तर ही अडवणूक जाणूनबुजून केलेली आहे: रूपाचे वर्णन शैलीत लिहायचे, शैलीला नाव द्यायचे आणि बटणाला फक्त ते नाव सांगायचे. अवस्थांप्रमाणे बदलणारे रंग शैलीच्या नकाशात (कोणत्या अवस्थेत कोणता रंग याच्या यादीत) द्यावे लागतात आणि तेथे क्रमाला महत्त्व आहे, कारण यादीतली जी अट आधी जुळते तीच लागू होते. माउस वर आल्याची अट आधी आणि बंद असल्याची नंतर लिहिली, तर माउस वर असतानाच बंद झालेले बटण चालू असल्यासारखे उजळलेले राहू शकते. सिंदफणा ज्या अर्धवट कामाबद्दल बोलत आहेत त्यातला मोठा भाग या एका क्रमाने सुटतो.

त्यानंतर विद्यार्थी विचारतात की शैलीत हिरवा लिहूनही विंडोजवर बटण करडेच का. तेथील नेहमीची थीम, म्हणजे तयार रूपांचा संच, बटणाचा पृष्ठभाग विंडोजकडूनच रंगवून घेते आणि आपला रंग फार तर कडेला डोकावतो. ‘क्लॅम’ ही थीम निवडली की रंग दिसू लागतो, पण मग बाकीची सगळी स्क्रीनही त्या थीमची होते. क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीमध्ये असाच एक खड्डा आहे. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे रूपाचे वर्णन लिहिण्याच्या यादीत, नुसता पार्श्वभूमीचा रंग दिला तर तो दिसेलच असे नाही, कारण मूळ कडा त्यावरून रेखाटली जाते. कडेचे वर्णनही आपण दिले की रंग उमटतो, मात्र त्या क्षणापासून बटण विंडोजचे राहत नाही. म्हणजे थोडेसे मूळ आणि थोडेसे आपले असा मधला मार्ग या लायब्ऱ्यांत फारसा शिल्लक ठेवलेला नाही, आणि हे पाहता सिंदफणा यांच्या बाजूला मी थोडा अधिक झुकतो.

पूर्णेकाठ (परभणी)

रंगाची चर्चा वाचून थोडा कंटाळा आला, कारण खरे नुकसान जेथे होते त्याचा अजून उल्लेखही झालेला नाही.

आमच्या पतसंस्थेत एक दृष्टिहीन सहकारी आहेत. ते एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक (पडद्यावरचे बोलून दाखवणारा प्रोग्राम) वापरतात आणि तो मराठीही वाचतो. एका प्रोग्राममध्ये गोल कोपऱ्यांची, सावली असलेली फार देखणी बटणे होती. ती बटणे नव्हतीच. लेखकाने कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढण्याच्या मोकळ्या जागेवर, आकृत्या काढून त्यांना माउसची घटना जोडली होती, त्यामुळे टॅब दाबून तेथे पोहोचता येत नव्हते आणि पडदावाचकाला तेथे काही आहे हेही कळत नव्हते. लेबलला क्लिक जोडून त्याला बटण म्हणणारेही पुष्कळ आहेत. विनफॉर्म्स किंवा क्यूटीमधले खरे बटण कितीही रंगवले तरी ‘मी बटण आहे आणि माझे नाव अमुक आहे’ ही माहिती पडदावाचकाला देत राहते. त्यावर नुसते चित्र असेल तर सुलभतेचे नाव (पडदावाचकाने उच्चारायचे नाव) वेगळे द्यावे लागते, एवढेच.

सिंदफणा यांनी यातून लगेच मूळ बटणाचा विजय जाहीर करू नये, कारण विंडोजवर टीकिंटरचे अगदी न रंगवलेले बटणही पडदावाचकाला नीट कळत नाही, आणि ते त्या लायब्ररीचे जुने दुखणे आहे. शिवाय टीकिंटरच्या बटणावर फोकस असताना स्पेस दाबली तर ते चालते, एंटर दाबला तर चालत नाही. एंटर आपल्याला जोडून द्यावा लागतो. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामवर हात बसलेल्या माणसाला हे समजावून सांगणे किती कठीण आहे ते ज्यांनी सांगून पाहिले त्यांनाच ठाऊक. टॅलीत एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ म्हणजे रिसीट हे बोटांना पाठ असते आणि उजव्या कडेच्या बटणांवर ती कळ लिहिलेलीही असते. बटणावर शॉर्टकट लिहिण्याची ही रीत कोणीच का उचलत नाही?

सिंदफणा (बीड)

आकार आणि फॉन्ट यांबाबत काटापट्टी यांचे म्हणणे मी पूर्ण स्वीकारतो, आणि बटणाच्या रूपाला हात लावू नये या माझ्या म्हणण्यातून ते वगळून वाचावे. उंची पिक्सेलमध्ये ठरवण्याऐवजी आतली मोकळी जागा ठरवावी आणि बटणाला मजकुराप्रमाणे वाढू द्यावे, म्हणजे विंडोजचे स्केलिंग (सगळे मोठे करून दाखवणे) १२५ किंवा १५० टक्के असलेल्या लॅपटॉपवरही वेलांट्या शाबूत राहतील.

रंगाबाबत मात्र मी हलणार नाही. फार तर एका स्क्रीनवर एका मुख्य बटणाला उठाव द्यावा. जीटीके या लायब्ररीने यासाठी सुचवलेली क्रिया आणि विध्वंसक क्रिया असे दोनच तयार वर्ग ठेवले आहेत आणि त्या दोन वर्गांच्या सर्व अवस्था थीममध्येच लिहिलेल्या आहेत. पाच रंग नाहीत. त्यातही ज्याला रंग द्यायचा त्याने आधी आकडेमोड करावी. वेबसाठीचे सुलभतेचे निकष लहान अक्षरांकरिता अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा प्रकाशभेद मागतात, आणि तो हिशेब डेस्कटॉपवरही लागू पडतो. इंटरनेटवरील नमुन्यांतून सगळे जण जो फिकट हिरवा उचलतात, ज्यात २५५ पैकी लाल ७६, हिरवा १७५ आणि निळा ८० असतो, त्यावर पांढऱ्या अक्षरांचा भेद जेमतेम २.८ भरतो. त्याच हिरव्यावर काळी अक्षरे लिहिली तर तो साडेसातच्या वर जातो, पण काळी अक्षरे कोणाला आवडत नाहीत.

आणि रंगापेक्षा तातडीची एक गोष्ट सांगतो. जतन दाबल्यावर काम संपेपर्यंत ते बटण बंद ठेवावे. संगणक मंद असला की माणूस दुसऱ्यांदा दाबतो आणि एकाच शेतकऱ्याच्या नावे दोन पट्ट्या होतात. हे रूपाचे काम आहे की वागणुकीचे, यावर वाद घालता येईल; पण बंद बटण बंद दिसले नाही तर माणूस तिसऱ्यांदाही दाबतो, म्हणून मी अवस्थांचा एवढा आग्रह धरतो आहे.

काटापट्टी (लातूर)

एका मुख्य बटणाचा नियम संवादचौकटीत शोभतो. आमच्या पट्टीच्या स्क्रीनवर ‘पट्टी छापा’ आणि ‘पुढची नोंद’ ही दोन्ही बटणे सारखीच वापरली जातात आणि चुकून एकाऐवजी दुसरे दाबले तर कागद वाया जातो. तेथे एकाला उठाव देऊन दुसरे करडे ठेवणे मला जमणार नाही. मी दोघांना दोन वेगळे रंग देणारच, आणि दुधना यांच्या सूचनेप्रमाणे ते गडद निळा आणि फिकट पिवळा असे निवडेन, म्हणजे करड्या छटेतही वेगळे दिसतील.

पूर्णेकाठ यांचे म्हणणे मला अधिक लागले. विनफॉर्म्समध्ये वापरणाऱ्याने हाय कॉन्ट्रास्ट (ठळक रंगभेदाची विंडोजची मांडणी) निवडले आहे की नाही हे सिस्टीमच्या माहितीतून कळते, तेव्हा ते निवडलेले असेल तर माझे रंग लावायचेच नाहीत, एवढी अट घालणे अवघड नाही. एफ-कळांची नावेही बटणांवर लिहिता येतील. टीकिंटरमधल्या प्रोग्रामांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र गोदातीर सरांकडेच जातो, कारण महाविद्यालयांतून मुले तेच शिकून बाहेर पडतात.

गोदातीर (नांदेड)

अभ्यासक्रम एकट्या शिक्षकाच्या हातात नसतो आणि टीकिंटर पायथनबरोबरच मिळते, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही, म्हणून प्रयोगशाळेत तेच राहील. मात्र प्रात्यक्षिकात बटण रंगवण्याआधी ते टॅबने गाठून एंटरने चालवून दाखवावे आणि मग बंद करून त्यावरचे नाव मागच्या बाकावरून वाचून दाखवावे, अशी अट मी या सत्रापासून घालतो आहे. पडदावाचकाची चाचणी घ्यायची तर ती क्यूटीवर घ्यावी लागेल, आणि त्यासाठी प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर ते आधी चालवून पाहावे लागेल.