प्रतिसाद: मेटाडेटातला 'ऑथर' थेट लेखक धरू नका
फाइलींमधून व्यक्ती आणि संस्थांची नावं काढून त्यांचा ग्राफ (कोण कशाशी जोडलंय याचं जाळं) बनवण्याबद्दल वर म्हटलंय की मेटाडेटाची (फाइलसोबत साठवलेली लेखक, शीर्षक, कंपनी अशी माहिती) सगळी फील्डं मजकुराला जोडून नावं ओळखणाऱ्या मॉडेलला द्या, नावं आपोआप निघतील. मजकुरापुरतं ठीक आहे, पण मेटाडेटाला हे नका करू. मॉडेल नाव ओळखतं ते बरंचसं आजूबाजूच्या वाक्यावरून, आणि ऑथर फील्डमधे वाक्यच नसतं, नुसतं नाव किंवा लॉगिन आयडी, त्यामुळे कधी व्यक्तीची संस्था होते तर कधी काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा कॉन्फिगमधे (सेटिंगच्या फाइलमधे) सरळ मॅपिंग करा, म्हणजे कुठलं फील्ड काय ते ठरवून द्या: क्रिएटर (हाच ऑथर) म्हणजे व्यक्ती, कंपनी म्हणजे संस्था, आणि मेटाडेटापैकी मॉडेल फक्त टायटल न् सब्जेक्टवर चालवा.

आणि एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाहीये, वर्डच्या फाइलमधला क्रिएटर म्हणजे लिहिणारा असेलच असं नाही. डॉकएक्स ही मुळात झिप फाइल, ती उघडून डॉकप्रॉप्स फोल्डरमधली कोअर.एक्सएमएल बघा, तिथे क्रिएटर वेगळा आणि लास्टमॉडिफाइडबाय (शेवटचा बदल करणारा) वेगळा दिसेल. जुनी फाइल कॉपी करून नवीन बनवली की क्रिएटर जुनाच राहतो. आमच्याकडे ग्राफमधे एकाच व्यक्तीला शेकडो फाइली चिकटल्या होत्या, दोन दिवस मी डुप्लिकेट काढायच्या नियमांत चूक शोधत बसलो, शेवटी कळलं की पहिली फाइल तेवढी त्यांची, बाकी सगळ्यांनी तीच कॉपी करून वापरलेली! आता दोन्ही फील्डं वेगळ्या नात्याने ठेवतो, 'ॲडमिन', 'युजर' वगैरे वगळतो, आणि अर्धविरामाने जोडलेली नावं आधी तोडून घेतो. स्वल्पविरामावर मात्र तोडू नका, आडनाव आधी लिहिलं असेल तर एकाच माणसाच्या दोन एंटिटी (ग्राफमधल्या नोंदी) होतात.